सहावा रकाना

माझी बायको एकतीस वर्षांत एकदाही गायली नाही. भांडी घासताना नाही, आंघोळीला गेल्यावर नाही, मुलाला झोपवताना नाही. मुलगा लहानपणी रडायला लागला की ती पियानोपाशी जाऊन एका हाताने काहीतरी वाजवायची आणि तो पठ्ठ्या निमूट झोपायचा. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हळहळायचे, "अरेरे, आवाज गेला का?" आवाज कुठला जातोय! आवाज होता तिथेच होता. तिने तो कुलपात घातला होता, आणि कुणामुळे घातला हे मला पक्कं ठाऊक आहे, असं मी एकतीस वर्षं समजत होतो.

तिला सगळे मास्तरीण म्हणतात. मुलींच्या शाळेत ती संगीत शिकवते म्हणून, आणि शाळा सुटल्यावरही तशीच वागते म्हणून. शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा सुरात किंचित उतरलेली होती, तर ही चार महिने त्यांच्याकडे कडी वाजवून जात होती. शेवटी शेजारीण वैतागून म्हणाली, "अहो, घंटा आहे ना!" ही म्हणाली, "आहे, म्हणूनच." माझ्याशी ती अरेतुरेनेच बोलते. आम्ही एकाच बँडमधले, त्यामुळे अहोजाहो आम्हाला कधी जमलं नाही.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, आता निवृत्तीला आलोय. दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्त करायची. आठवड्यातून दोनदा क्लबात बास वाजवतो. बास म्हणजे माझ्याहून वीतभर उंच असलेलं चार तारांचं लाकडी धूड. क्लब आहे सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, बावीस पायऱ्या चढून. ते धूड वर नेताना मी जितक्या शिव्या घातल्या असतील तितक्या दुकानदारांनीही मला घातल्या नसतील. वर साठ खुर्च्या, त्यातल्या आठ डुगडुगणाऱ्या, एक पियानो, आणि जिन्याच्या तोंडाशी हिरव्या कापडाचा सूचनाफलक. त्या फलकावर माझ्या बायकोचा खून झाला. शब्द मोठा वाटत असेल तर वाटू दे, मी बदलणार नाही.

दरवर्षी एका रविवारी दुपारी चार वाजता क्लबात जॅझ गाणाऱ्या नव्या लोकांची स्पर्धा होते. जो जिंकेल त्याला वर्षभर दर शनिवारी आमच्या साथीने गायला मिळतं आणि क्लब त्याची एक रेकॉर्ड काढतो. परीक्षक एकच. त्याचं खरं नाव वापरायची कुणाला सवयच नाही. सगळे त्याला रुमाल म्हणतात. गाणं आवडलं की हा माणूस खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचा, चष्मा पुसायचा आणि घडी मोडलेला रुमाल टेबलावर ठेवून द्यायचा. आवडलं नाही तर रुमाल खिशातच. गाणारे लोक गाता गाता त्याच्या खिशाकडे बघत असत.

हा रुमाल वर्तमानपत्रात दर आठवड्याला संगीतावर लिहायचा आणि प्रत्येक लेखात किमान तीनदा 'मापदंड' हा शब्द घालायचा. "मला काय आवडतं याला शून्य किंमत आहे," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. "मापदंड काय म्हणतो ते बघा." तो मापदंड त्यानेच बनवलेला. एका कागदावर सहा रकाने, प्रत्येकाला दहा गुण. सूर, लय, शब्दफेक, दम, उपज, आणि सहावा 'ठसा'. प्रत्येक गाणं झालं की तो उभा राहून गुण स्वतः मोठ्याने वाचायचा, खाली शेरा लिहायचा आणि कागद हिरव्या फलकावर टाचला जायचा. असा रिवाज.

आता पहिले पाच रकाने मला कळतात. सूर लागला की नाही, ठेक्याच्या किंचित मागून गाताना तोल राहिला की गाडी घसरली, शब्द ऐकू आले का, श्वास कुठे तुटला, मूळ चाल सोडून स्वतःचं काही रचलं का. हे मोजता येतं. आमच्या कचेरीतल्या कपाटात एक पितळी किलो आहे, मखमलीत गुंडाळलेला. तो कुणाचा मेहुणा नाही आणि कुणाचा वैरी नाही. पण 'ठसा' म्हणजे काय? त्या रकान्यात वजन म्हणून रुमाल स्वतःच पारड्यात बसायचा, आणि वर म्हणायचा तराजू बोलतोय.

एकतीस वर्षांपूर्वी माझी बायको तेवीस वर्षांची होती आणि माझी बायको व्हायची होती. आमचं ठरलं होतं, घरी सांगायचं बाकी होतं. तिने स्पर्धेत एक संथ गाणं म्हटलं, दार उघडं ठेवून वाट बघणाऱ्या बाईचं, काळी चारच्या पट्टीत. मी साथीला होतो. पियानोवर तेव्हा एक म्हातारबाबा असायचे. ते गाणं संपल्यावर बाबांनी मला खूण केली, की एवढं स्वच्छ गाणं या खोलीत कुणी गायलेलं नाही. रुमालने उभं राहून वाचलं. नऊ. नऊ. दहा. नऊ. नऊ. सभागृहात कुजबुज सुरू झाली, असे गुण आजवर कुणाला पडले नव्हते. मग त्याने चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाला, "ठसा, एक."

एकूण सत्तेचाळीस. तिच्या आधी एक बाई गाऊन गेली होती, आम्ही तिला घोगरी म्हणायचो. तिचा सूर कुठेकुठे घसरला होता, एका ठिकाणी ती शब्दच विसरली आणि हसली. पण रुमाल बाहेर निघाला होता, ठसा दहापैकी दहा, आणि घोगरीची बेरीज झाली अठ्ठेचाळीस. एका गुणाने. आणि फलकावर टाचलेल्या कागदाखाली शाईने शेरा होता: 'बिनचूक. ऐकवत नाही.'

लोक जिना उतरताना थांबून वाचत होते. कुणी हसलं. सायकलवाल्याने तर वर येऊन वाचलं, त्याचा गाण्याशी काय संबंध! माझी होणारी बायको सगळे जाईपर्यंत तिथे उभी राहिली, मग तिने टाचणी काढली, टाचणी परत कापडात खोचली, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

पुढच्या वर्षी म्हातारबाबा गेले आणि तिने पियानो घेतला. तीस वर्षं ती रुमालच्या टेबलापासून दहा फुटांवर बसली. तो कागद क्लबातल्या पियानोच्या बैठकीत, झाकणाखाली. गावात लॅमिनेशनचं यंत्र आल्याबरोबर पहिलं गिऱ्हाईक हीच. नाग डूख धरतो म्हणतात. नागाला दोन दात असतात, हिला पूर्ण बत्तीस.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की रुमाल विसरला. साफ विसरला! दोन-चार वर्षांनी तो हिच्याकडे येऊन म्हणाला, "तुमच्यासारखी साथ मी ऐकलेली नाही. तुम्ही स्वतः कधी गात का नाही?" ही म्हणाली, "वेळ मिळत नाही." आणि पियानोचं झाकण असं लावलं, की ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. मी घरी आल्यावर म्हणालो, "त्याला सांगू का दोन शब्द?" ती म्हणाली, "तू मधे पडू नकोस. त्याने जे लिहिलंय ते तो सगळ्यांसमोर उभा राहून मोठ्याने वाचेल. तेवढंच पाहिजे मला." मला वाटलं, रागात माणूस बोलतो. पण ती वेळापत्रक सांगत होती.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे खोटं होईल. मला घोगरीचं गाणं आवडलं होतं. माझ्या बायकोच्या गाण्याहून जास्त. गाणं मनाला लागलं की माझा डावा पाय आपोआप ठेका धरतो, बास वाजवणाऱ्या पुष्कळांचं असं होतं. त्या दुपारी घोगरीच्या वेळी माझा पाय थांबता थांबत नव्हता. ती शब्द विसरून हसली तिथे तर मी एक ठोका चुकणार होतो. आणि माझ्या होणाऱ्या बायकोच्या वेळी मी मनात म्हणत होतो, वा, काय सूर, काय दम. पाय मात्र जमिनीला चिकटलेला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसा? घोगरी वर्षभर गायली, मग लग्न करून दुसऱ्या गावी गेली. क्लबाने काढलेली तिची रेकॉर्ड मी बासच्या खोळीत, कागद ठेवायच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बायको शाळेत गेली की वर्षातून दोन-तीनदा ऐकतो. खोळ चांगल्या जाड कापडाची आहे, आत धूळ जात नाही.

पण मी रुमालसारखा नाही, असं मी स्वतःला बजावत आलो. कुणाला काय आवडावं यावर कुणाचा हुकूम चालत नाही. आपली आवड आपल्या खिशात ठेवावी, तिला गुण पाडून फलकावर टाचू नये. त्याने टाचली. मी खिशात ठेवली. एवढा फरक मला पुरेसा वाटत होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या दारावर एक मुलगी आली. औषधांच्या दुकानात कामाला होती, दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच. "बाई, मला गाणं शिकवाल का?" रुमालची मुलगी. त्याला उशिरा झालेली, एकुलती एक. क्लबातले वाह्यात लोक तिला घडी म्हणायचे, रुमालची म्हणून. मला वाटलं, आता दार थोबाडावर आपटणार. मास्तरीण म्हणाली, "ये, आत ये. वडील का शिकवत नाहीत?"

"बाबा म्हणतात, मापदंड शिकवता येत नाही, गाठावा लागतो."

"गाठू की मग," मास्तरीण म्हणाली आणि तिच्यासाठी चहा टाकला. कुणासाठी चहा टाकताना ती इतकी प्रसन्न मला कधी दिसली नव्हती. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तीन वर्षं. आठवड्याचे तीन दिवस. पोरगी मेहनती, औषधाच्या गोळ्या मोजतात तसे सूर मोजून घ्यायची. ही तिला एकेक जागा शंभर शंभरदा घोटायला लावायची. स्वतः गाऊन दाखवायची नाही, पियानोवर एका बोटाने दाखवायची. कुठे श्वास चोरला की लगेच, "परत." कुठे गंमत म्हणून पोरीने सूर ओढला, लाडात आली, की लगेच, "ते नको. साफ." पोरगी तशी हसरी होती, आली की माझ्याशी थट्टा करायची, "काका, तुमचा बास पोहायला जातो का हो, इतका फुगलाय?" गाताना मात्र तिचं हसू हळूहळू बंद झालं. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो, चपला काढतोय तोच आतून गाणं ऐकू आलं. दार उघडं ठेवून वाट बघणारी बाई. काळी चार. जसंच्या तसं. जशी कुणी इतक्या वर्षांची घडी उलगडली.

पोरगी गेल्यावर मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"शिकवतेय."

"तेच गाणं?"

"तेच. सगळं तेच. त्याच्या पोटची पोर त्याच्यासमोर उभी राहील आणि बिनचूक गाईल. मग बघू त्याचा सहावा रकाना काय म्हणतो. कमी दिले तर पोटच्या पोरीला. जास्त दिले तर मला का नाही दिले ते सांगावं लागेल."

इकडे आड, तिकडे विहीर. मी बारा गावचे लबाड दुकानदार पाहिलेत, तळाला चुंबक चिकटवलेले तराजू पाहिलेत, पण इतका चोख सापळा मी पाहिला नव्हता. "आणि पोरीचं काय?" मी विचारलं.

"तिला गाणं येईल," ती म्हणाली. "मला आलं होतं तसं."

मी गप्प बसलो. खरं सांगतो, मलाही ते हवं होतं. त्या कागदावर हसणारी तोंडं मीही विसरलो नव्हतो. पोरगी मला काका म्हणायची आणि मी तिच्या चहात साखर घालून द्यायचो, आणि गप्प बसायचो.

यंदा रुमालचं परीक्षक म्हणून शेवटचं वर्ष. मुलीचं नाव यादीत बघून क्लबचे चिटणीस त्याच्याकडे गेले. बिचारे सज्जन, म्हणाले, "यंदा तुम्ही बसू नका. लोक नावं ठेवतील." रुमाल म्हणाला, "मापदंडाला नातीगोती नसतात." चिटणीसांनी हे आम्हाला येऊन सांगितलं तेव्हा मास्तरीण पियानोच्या पट्ट्या पुसत होती. ती म्हणाली, "नसतातच मुळी. बसू दे त्यांना." आणि कापड झटकलं.

रविवार आला. साठ खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे. सात जण गायचे होते. चौथा एक बेकरीवाला होता, पन्नाशीचा, पहाटे दोनला उठून पाव भाजणारा माणूस. पिठाच्या धुळीने आवाज फाटलेला. तो गायला आणि मी सांगतो, सूर दोनदा चुकला, एका ओळीत दम संपला तेव्हा त्याने उरलेली ओळ नुसती बोलून टाकली. आणि माझा डावा पाय सुटला. सभागृहातल्या निम्म्या माना डोलत होत्या. रुमाल खिशातून निघाला, चष्म्यावरून फिरला, टेबलावर पडला. सात, सात, आठ, आठ, नऊ. ठसा, दहा. एकोणपन्नास. बेकरीवाल्याला विश्वासच बसेना, तो खुर्चीवर बसला तर नेमका डुगडुगणाऱ्या.

सातवी घडी. गडद निळा साधा ड्रेस, केस मागे घट्ट बांधलेले. मास्तरणीने सूर दिला. काळी चार.

ती बिनचूक गायली. यात मी एका अक्षराने कमीजास्त करणार नाही, माझा धंदाच तो आहे. प्रत्येक सूर जिथे असायला हवा तिथेच. माझी बायको साथीला अशी वाजवत होती, की पोरीला कुठे आधार कमी पडू नये. फसवायचं असतं तर सोपं होतं, पट्टी अर्ध्या सुराने चढवली असती तरी पोर आपटली असती. पण हिला पोर आपटायला नको होती. हिला ती न चुकता रुमालपर्यंत पोचायला हवी होती. पोरगी गाता गाता टेबलाकडे बघत होती. रुमाल टेबलावर पडलेला होता, बेकरीवाल्याच्या वेळचा. रुमालने तो उचलला. पोरीचा चेहरा उजळला. त्याने घडी घातली आणि खिशात ठेवून दिला.

ते तिने पाहिलं. तरी सूर हलला नाही. एवढं पक्कं शिकवलं होतं हिने.

टाळ्या झाल्या, नीट, शिस्तीत. रुमाल उभा राहिला. "सूर, नऊ. लय, नऊ. शब्दफेक, नऊ. दम, दहा. उपज, नऊ." शेहेचाळीस. तीच बेरीज. मी बायकोकडे पाहिलं, ती पियानोच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत होती. रुमालने पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "ठसा." आणि थांबला. मागे उभे असलेले लोक पाय बदलायला लागले. "ठसा, आठ."

चोपन्न. घडी जिंकली. माझ्या मागून ड्रमवाला हळूच म्हणाला, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." हळूच म्हणाला, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं.

मास्तरीण उठली. बैठकीचं झाकण उघडलं, तो कागद काढला, चालत टेबलापाशी गेली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. "परीक्षक," ती म्हणाली, "एक कागद वाचायचा राहिलाय. अक्षर तुमचं आहे, तुम्हाला लागेल. मोठ्याने वाचा, रिवाज आहे."

त्याने वाचलं. सवयीने आधी आकडे वाचून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय वाचतोय. "नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ. ठसा, एक." आवाज खाली गेला. "बिनचूक. ऐकवत नाही." त्याने वर बघितलं. "हे मी लिहिलंय?"

"तारीख आहे. सही आहे. तेच गाणं, तीच पट्टी, पाच रकान्यांची बेरीज तीच. सहाव्यात सात गुणांचा फरक आहे. तो कशाचा, तेवढं सांगा. मापदंडाचा असेल तर मी समजून घेईन."

खिशातला रुमाल निघाला खरा, पण कपाळाचा घाम पुसायला. एकतीस वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. मला वाटलं होतं, मी मनातल्या मनात नाचेन. नाचलोही थोडा, खोटं कशाला बोलू! करावे तसे भरावे. या माणसाने किती जणांचं गाणं त्या हिरव्या कापडावर टाचलं असेल. भर आता.

आणि तेवढ्यात घडी पुढे आली. आम्ही दोघंही तिला विसरलो होतो. "बाबा," ती म्हणाली, "खरा आकडा किती?"

"दिला ना, आठ."

"रुमाल खिशात ठेवलात तुम्ही. मी बघितलं. खरा सांगा. मी चोपन्नावर नाही जिंकणार."

तो म्हातारा दिसायला लागला एकदम. "दोन," तो म्हणाला. त्यातला एक बापाचा होता, हे सगळ्यांना कळलं.

"अठ्ठेचाळीस," घडी म्हणाली. औषधांच्या दुकानातली पोर, हिशेब तोंडावर. "मग बेकरीवाल्यांचं नाव पुकारा." चिटणीसांनी घशातल्या घशात पुकारलं. घडी मास्तरणीकडे वळली. "बाई, तुम्हाला माहीत होतं? असं होणार ते?"

माझी बायको खोटं बोलत नाही. "हो," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून? चहा दिलात तेव्हापासून?"

"हो."

पोरगी रडेल असं वाटलं, पण तीही हिचीच शिष्या. तिने टेबलावरचा तो लॅमिनेशन केलेला कागद उचलला, वाचला, आणि हिच्या हातात परत दिला. "तुमचं गाणं तुम्हीच म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडून कशाला?" आणि बावीस पायऱ्या उतरून गेली. रुमाल तिच्या मागून गेला. पायऱ्यांवर तो तिला हाक मारत होता, आणि ती थांबली नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. मी बास भिंतीला टेकवला. ती खुर्चीत बसली, कागद मांडीवर. मला पोरीचं तोंड डोळ्यांसमोरून जात नव्हतं, आणि माझा राग आता कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. मी म्हणालो, "पोरीशी वाईट वागलो आपण."

"मी वागले," ती म्हणाली. "उद्या जाईन तिच्या दुकानात. दारात उभं करेल की नाही, बघू."

"जे पाहिजे होतं ते झालं ना? वाचलं त्याने. सगळ्यांसमोर."

"झालं."

"मग आता गा," मी म्हणालो. मला खरंच वाटलं, कुलूप निघालं. "पोरगी बरोबर बोलली. तुझं गाणं तू म्हण. आता रुमालचा काय संबंध!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठून बासपाशी गेली, खोळीची चेन उघडली, न चाचपता आतल्या कप्प्यात हात घातला आणि घोगरीची रेकॉर्ड काढली. पदराच्या टोकाने तिच्यावरून एक हात फिरवला. सवयीने.

"दर महिन्याला पुसते," ती म्हणाली. "नाहीतर कधीच खराब झाली असती."

मी काहीतरी बोलायला लागलो, तिने हात वर केला. वर्गात करते तसा.

"त्या दिवशी मी गात होते तेव्हा त्याच्या खिशाकडे नव्हते बघत," ती म्हणाली. "तुझ्या पायाकडे बघत होते. घोगरीच्या वेळी मी पाहिला होता तो कसा नाचत होता. सगळं गाणं मी त्या पायासाठी म्हटलं. त्याने जे लिहिलं, ते तुला वाटलं होतं. तू मला जिन्यात काय म्हणालास? 'तो गाढव आहे.' आणि लग्न केलंस."

"अगं, पण मी कधी एका शब्दाने..."

"हो ना. त्याने निदान सही करून दिलं."

तिने रेकॉर्ड परत कप्प्यात ठेवली, चेन लावली. मग लॅमिनेशनचा कागद उभा फाडायचा प्रयत्न केला, तो काही फाटेना, तेव्हा कात्री आणून त्याचे दोन तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. मी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं घरात जे गायली नाहीस, मुलालासुद्धा गाऊन झोपवलं नाहीस, ते..."

"रुमालचं आज संपलं," ती म्हणाली. "तुझं अजून चालू आहे."